लिहून देणार आणि लिहून घेणार: सुप्याच्या दीडशे वर्षांनंतर

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या उठावाला १२ मे २०२५ रोजी दीडशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने आमच्या भागात झालेले एक व्याख्यान मी मागच्या रांगेत बसून ऐकले. वक्ते अभ्यासू होते, तारखा चोख होत्या, आवेशही नको तेवढा नव्हता. पण समारोप करताना ते म्हणाले की आता सावकारीला कायद्याचा लगाम बसला असल्यामुळे तो इतिहास पुन्हा घडण्याचे कारण उरलेले नाही. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, मला वाजवता आल्या नाहीत. मी अडतीस वर्षे तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून दस्त लिहिले आहेत. त्यामुळे १८७५ साली जे घडले त्यातील एक वस्तू माझ्या रोजच्या हाताखालची आहे, ती म्हणजे कागद. आणि त्या कागदाविषयी जे मला माहीत आहे ते लिहिल्यावाचून राहवत नाही म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, याची जाणीव आहे.

प्रथम एक खुलासा. सुपे म्हटले की हल्ली पुष्कळांच्या डोळ्यांसमोर पारनेर तालुक्यातले औद्योगिक वसाहतीचे सुपे येते. हे सुपे ते नव्हे. हे पुणे जिल्ह्यातले, शहाजीराजांच्या 'पुणे आणि सुपे' जहागिरीतले, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले आणि आज बारामती तालुक्यात मोडणारे सुपे. १२ मे १८७५ ला तिथे बाजाराचा दिवस होता. भोवतालच्या गावांतून आलेल्या कुणब्यांनी सावकारांची दुकाने आणि घरे गाठली आणि कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या मागितल्या. काही दुकाने लुटली गेली, कुठे आगही लागली, हे खरे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. परंतु पुढच्या दोन महिन्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांत तीसहून अधिक गावी जे लोण पसरले, त्यात एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते: सावकाराने कागद मुकाट्याने बाहेर काढून दिले की लोक ते जाळत आणि बहुधा परत जात. सरकारने लष्कर आणले, गावोगाव पोलीस ठाणी बसवली, ९५१ जणांना अटक केली. इंग्रजी दप्तरात या सगळ्याची नोंद 'दंगे' अशी झाली आणि आपणही तोच शब्द उचलला. निरक्षर माणसे दागिने आणि धान्य सोडून कागदाच्या मागे का लागली, हा प्रश्न त्या शब्दाने झाकला जातो.

त्यांना वाचता येत नव्हते, पण कागद काय करतो ते चांगले ठाऊक होते. १८५९ साली मुदतीचा कायदा आला, त्यानुसार रोख्याची मुदत तीन वर्षांवर आली. हेतू चांगला होता. व्याज वर्षानुवर्षे चढत जाऊ नये म्हणून तो कायदा होता. सावकाराने त्याचा उपयोग असा केला की दर तीन वर्षांनी कुळाला, म्हणजे कर्जदाराला, बोलवायचे, थकलेले व्याज मुद्दलात घालायचे आणि त्या सगळ्या रकमेचा नवा रोखा लिहून घ्यायचा. जुना रोखा फाडला जाई, त्यामुळे मूळचे पैसे किती होते हे सांगणारा पुरावाही त्याच्याबरोबर जाई. फेडलेल्या रकमेची पावती द्यायची नाही, हा वर शिरस्ता. आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता. व्याज मुद्दलापेक्षा अधिक घ्यायचे नाही, म्हणजे शंभराचे फार तर दोनशे. दख्खनच्या चौकशी समितीसमोर आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांवर दोन हजारांहून अधिक व्याज आकारलेले आढळले. दिवाणी कोर्टासमोर रोखा आला की सही आहे का, रक्कम लिहिली आहे का, एवढेच पाहिले जाई, आणि पुष्कळदा कुळ हजर नसतानाच हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा हुकूम, होई. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या येण्यापोटी बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला काढले, तेव्हा गावाने पहिला मार्ग धरला तो बहिष्काराचा. सावकारांच्या दुकानात कोणी जाईना, न्हावी आणि परीट त्यांचे काम करीनात. सुप्याचा बाजार त्यानंतर पाच महिन्यांनी पेटला. म्हणजे लोकांनी आधी शांतपणे सांगून पाहिले होते.

आता सरकारचा वाटा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ पासून कापसाला सोन्याचा भाव आला, पेठेत पैसा वाहू लागला आणि सावकार मागेल त्याला, मागेल तितके देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपले, भाव उतरले, सावकारांनी हात आखडता घेतला, आणि नेमक्या याच सुमारास, १८६७ पासून, तीस वर्षांची जुनी बंदोबस्ताची मुदत संपल्याने सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू केली. अनेक गावी सारा दीडपट ते दुप्पट झाला. हप्ता चुकला तर जमीन जाणार, म्हणून सारा भरायला पुन्हा त्याच सावकाराच्या ओट्यावर. पुणे सार्वजनिक सभेने याविरुद्ध गावोगाव माहिती गोळा करून अर्ज केले. पण उठावानंतर नेमलेल्या समितीचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटसमोर गेला, त्यात सारावाढ हे उठावाचे कारण नसल्याचा निर्वाळा होता. दोष सगळा सावकाराचा. ज्या समितीला सरकारने नेमले, तिने सरकारला मोकळे सोडले, याचे नवल वाटायला नको. मला नवल वाटते ते आपण अजूनही त्याच निष्कर्षाची घोकंपट्टी करतो याचे. गावात कोणी विष घेतले की आपण विचारतो, सावकार कोण होता? त्या वर्षी कांद्याला काय भाव मिळाला, पीककर्ज कोणत्या महिन्यात हातात पडले, विम्याचे पैसे कधी आले, हे कोणी विचारत नाही.

सावकार बाहेरचे होते आणि कुळे आपली होती, असेही एक चित्र रंगवले जाते. त्यात तेव्हाचे काही सत्य आहे. मार मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांना बसला आणि ब्राह्मण किंवा इतर जातींचे सावकार बहुतेक ठिकाणी सुटले. पण त्यावरून कोणी सावकारीला जात चिकटवणार असेल, तर त्याने माझ्या टेबलाशी एक आठवडा बसायला हवे होते. १९४८ च्या कूळकायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येईना, तेव्हा दुकानदार सावकार जमिनीच्या व्यवहारातून मागे सरला आणि त्याची जागा सातबाऱ्यावर नाव असलेल्या सावकाराने घेतली. तो गावचाच असतो, भावकीतला असतो, कधी सोसायटीचा माजी संचालक असतो, लग्नात आहेर करतो आणि मयतीला खांदा देतो. ऋणको त्याला दादा किंवा आप्पा म्हणतो. कर्ड्याच्या लोकांनी घातला तसा बहिष्कार याच्यावर कोण घालणार?

उठाव मोडला, पण प्रकरण मिटले नाही. लगेच १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी पहिला दरोडा घातला तो धामारी येथे, म्हणजे ज्या शिरूर तालुक्यात कर्डे आहे त्याच तालुक्यात. फडके जुलैत पकडले गेले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सरकारने डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा, मंजूर केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. आमच्याकडची जुनी माणसे त्याला नुसते 'डेक्कन ॲक्ट' म्हणत. न्यायाधीशाने रोख्यावरची रक्कम डोळे मिटून न मानता व्यवहाराच्या मुळापर्यंत जावे, पहिले मुद्दल किती होते ते पाहावे. कर्जापायी कुणब्याला कैद होऊ नये. सावकाराने पावती द्यावी, मागितल्यास खातेपुस्तक द्यावे. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, अशा त्यातल्या तरतुदी आजही वाचताना अंगावर रोमांच उभे राहतात. इतक्या गोष्टी मिळवायला बाजार पेटावा लागला, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आणि सावकाराने काय केले? गहाणखत लिहून घेणे कमी केले. गहाण असले तर न्यायाधीश मूळ मुद्दल पाहणार, मग गहाण कशाला. त्याऐवजी खरेदीखतच लिहून घ्यायचे आणि तोंडाने सांगायचे की पैसे आणून दिलेस की जमीन तुझी. कागदावर विक्री, मनात गहाण. या युक्तीला उत्तर म्हणून पुढे त्या कायद्यात १०-अ हे कलम घातले गेले. कागद काहीही म्हणो, व्यवहार खरोखर कोणत्या स्वरूपाचा होता याची चौकशी कोर्टाने करावी आणि त्यासाठी तोंडी पुरावाही घ्यावा, असे ते कलम होते.

या कलमाशी माझा घरचा संबंध आहे. माझ्या पणजोबांनी १९०३ साली नव्वद रुपयांना आपली विहिरीजवळची जमीन 'खूषखरेदी' लिहून दिली. तो मोडीतला दस्त माझ्याकडे आहे. तळाला डाव्या बाजूला नांगराचे चित्र आहे, चार रेघांचे, एक रेघ शाई सांडून फुगलेली. शेजारी कारकुनाने लिहिले आहे, 'निशाणी नांगर'. पणजोबांनी जमीन विकलेली नव्हती, गहाण टाकली होती, आणि ती कसत तेच होते. दरवर्षी पिकाचा जो वाटा ते सावकाराकडे पोचवत, त्याला कागदावर खंड, म्हणजे जमिनीचे भाडे, म्हटले जाई. १०-अ कलमाखाली त्यांनी दावा लावला आणि दोन साक्षीदारांच्या तोंडी जबान्यांवर तो व्यवहार गहाणाचा ठरला. जमीन सुटली. मी शाळा शिकलो तो त्या जमिनीवर, आणि शिकून जे काम धरले ते खरेदीखते लिहिण्याचे.

१९४७ च्या नव्या कर्जनिवारण कायद्याने 'डेक्कन ॲक्ट' रद्द झाला, आणि कर्जनिवारणाचे ते काम संपल्यावर शेतकऱ्याच्या वाट्याला देशाचा सर्वसाधारण कायदा उरला. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात १९२९ साली अशी दुरुस्ती झाली आहे की पैसे दिल्यावर मालमत्ता परत करण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही. लेखी दस्ताच्या मजकुराविरुद्ध तोंडी करार सिद्ध करायलाही पुराव्याचा कायदा सहसा परवानगी देत नाही. वकिलांना यात वावगे वाटणार नाही; शहरातल्या फ्लॅटच्या व्यवहाराला हे नियम योग्यच आहेत. पण ज्याला निकड आहे आणि ज्याच्याकडे पैसा आहे, असे दोघे जेव्हा माझ्या टेबलाशी येत, तेव्हा ती अट दस्तात लिहायची की नाही हे निकड असलेला माणूस ठरवत नसे.

एक सकाळ सांगतो. साल २००६, उन्हाळा. जिरायती गावातला एक शेतकरी, त्याची बायको आणि म्हातारी आई. मुलीचे लग्न आठ दिवसांवर. दीड एकर जमीन, शिवारातल्या चालू दराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम, आणि त्यातूनही पहिल्या तीन महिन्यांचे व्याज आधीच कापून घेतलेले. सावकार समोरच्या हॉटेलात चहा पीत बसला होता. त्याचा माणूस कागदपत्रे घेऊन आला होता. मी नेहमीचा मजकूर लिहिला. लिहून घेणार, लिहून देणार, चतुःसीमा, 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दरोबस्त', भरणा तपशिलात 'संपूर्ण रक्कम रोख भरून पावली, तक्रार नाही', आणि शेवटी 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता'. हा मजकूर मला इतका पाठ होता की लिहिताना मी बोलू शकत असे. तो वाचून दाखवत असताना म्हातारीने मला मध्येच थांबवले आणि विचारले, "अण्णा, ह्ये गहाणच लिवलंय न्हवं? माघारी मिळंल न्हवं?"

मी तिला 'नाही' म्हटले नाही. 'होय' ही म्हटले नाही. मी म्हणालो, "आजी, आत नंबर लागलाय, चला." आतल्या खोलीत अधिकाऱ्याने विचारले, दस्त तुम्हीच लिहून दिलात का, पैसे मिळाले का, शेतकऱ्याने मान हलवली, अंगठा झाला, फोटो झाला, दस्त नोंदला गेला. अधिकाऱ्याची यात चूक नव्हती. लिहून देणारा तोच माणूस आहे आणि त्याने दस्त केल्याचे तो कबूल करतो आहे, एवढे पाहणे हे त्याचे काम. दख्खनच्या दिवाणी कोर्टात १८७४ ला जे पाहिले जाई, तेवढेच.

२०१४ मध्ये महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आला, हे वक्त्यांनी सांगितले आणि ते खरे आहे. कायदा चांगला आहे, असे मी स्वतः दस्तांच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. विनापरवाना सावकारी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शेतकऱ्याच्या तारणी कर्जाला सालीना ९ टक्के आणि बिनतारणी कर्जाला १२ टक्के, असे दर ठरले आहेत. चक्रवाढ व्याजाला बंदी आहे आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे दामदुपटीचा दंडक पुन्हा कायद्यात आला. कलम १८ खाली सावकारीतून बळकावलेल्या स्थावर मिळकतीची जिल्हा उपनिबंधक चौकशी करू शकतात आणि गेल्या पंधरा वर्षांतला तसा दस्त अवैध ठरवून मिळकत परत देववू शकतात. जे १०-अ कलम आपण गमावले होते, त्याचा हा पुनर्जन्म आहे असे मी मानतो.

पण कायदा आल्यावर वर्ष-दीड वर्षातच माझ्या टेबलाशी येणारे कागद बदलले, ते मी पाहिले आहे. दस्त सावकाराच्या नावे होईनासे झाले. ते मेहुण्याच्या, पुतण्याच्या, कधी ट्रॅक्टरवरच्या चालकाच्या नावे होऊ लागले. रक्कम रोखीने दाखवायची सोय कमी झाली, तेव्हा ती आधी खात्यावर भरून त्याच दिवशी रोख काढून परत घेण्याची पद्धत पडली. काहींनी खरेदीखत सोडून साठेखत (पुढे विकण्याचा करार) आणि कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार) अशी जोडी धरली. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याच्याकडून सही केलेले कोरे धनादेश आणि स्टँपवर 'हातउसने घेतले' अशी पावती; मग व्याज थकले की आकडा घालून धनादेश बँकेत टाकायचा आणि तो परत आला की फौजदारी. व्याजाचा दर मात्र कोणत्याच कागदावर नसतो. तो बोलण्यात असतो, शेकडा पाच, शेकडा दहा, आणि तोही महिन्याचा. १८५९ चा कायदा आला तेव्हा रोख्याचे नूतनीकरण, १८७९ चा आला तेव्हा खरेदीखत, २०१४ चा आला तेव्हा मेहुणा. इतिहासाची पुनरावृत्ती म्हणतात ती मला या क्रमात दिसते. उठाव हा तिचा एक दिवस असतो, तोही कधीतरी येणारा. मधली वर्षे कायदा पुढे आणि कसब त्याच्या दोन पावले पुढे, अशी जातात.

त्या २००६ च्या दस्ताचे पुढे काय झाले ते सांगणे भाग आहे. शेतकऱ्याने आठ वर्षे व्याज भरले, जमीन कसली, आणि एके दिवशी सावकाराने विहिरीवरची मोटर काढून नेली. नव्या कायद्याखाली त्याने तक्रार केली आणि दस्तलेखक म्हणून मला जबाबासाठी बोलावणे आले. मी जे लिहिले होते ते आणि मला जे माहीत होते ते, दोन्ही सांगितले. समोरच्या वकिलाने मला योग्य तोच प्रश्न विचारला: हा व्यवहार गहाणाचा आहे हे तुम्हाला ठाऊक होते, तर 'राजीखुशीने' हा शब्द कोणाच्या हस्ताक्षरात आहे? मी म्हणालो, माझ्या. शेतकऱ्याच्या बाजूने आदेश झाला, तो पुढे अपिलात गेला, आणि तारखा पडत राहिल्या. म्हातारी तोपर्यंत वारली होती. माझ्या बरोबरीच्या एका दस्तलेखकाने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे टाकले. त्याचे म्हणणे असे की लिहिणाऱ्याने साक्षीला उभे राहायचे ठरवले तर या टेबलाशी येणार कोण?

दीडशे वर्षांत एक गोष्ट मात्र बदलली आहे आणि तिचा त्या व्याख्यानात उल्लेखही झाला नाही. सुप्याच्या लोकांना आपल्यावर अन्याय होतो आहे असे वाटत होते. त्यांचा राग घराबाहेर पडला आणि कागदापाशी गेला. आजच्या ऋणकोला वाटते की आपणच नालायक ठरलो, आपल्यालाच संसार जमला नाही. त्याचा राग घरातच राहतो, गोठ्यातल्या आढ्यापर्यंत जातो. सरकारने २०१७ ला आणि पुन्हा २०१९ ला कर्जमाफी दिली, दुसरीला तर महात्मा फुल्यांचे नाव दिले. पण दोन्ही बँकांच्या आणि सोसायट्यांच्या कर्जापुरत्या होत्या. ज्या कर्जाला कागदच खोटा आहे ते माफ तरी कोण करणार? १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा तीन टक्क्यांच्या आसपास निघाला होता. त्या मानाने आपण कितीतरी पुढे आलो, हे मान्य करायला हवे. परंतु सोसायटीचे कर्ज पिकासाठी मिळते. रात्री अकराला दवाखान्यात भरायची अनामत, मुलीच्या लग्नाचा मांडव, मुलाच्या प्रवेशाची शेवटची तारीख, यांना सोसायटीत खाते नाही. तिथे अजून दादा आणि आप्पाच आहेत.

म्हणून माझ्या काही साध्या सूचना आहेत. शेतजमिनीच्या विक्रीनंतर तीन-चार हंगाम विकणाराच ती कसतो आहे आणि किंमत चालू दराच्या निम्म्याहूनही खाली आहे, असे ज्या ज्या दस्तांत दिसते, त्यांची यादी तलाठ्याच्या पीकपाहणीवरून आणि नोंदणी कार्यालयाच्या संगणकावरून काढता येईल. ती कोणी तक्रार करण्याची वाट न पाहता जिल्हा उपनिबंधकांकडे जावी. दस्त नोंदवताना लिहून देणाऱ्याला एकट्याला, लिहून घेणारा आणि त्याचा माणूस खोलीबाहेर असताना, 'जमीन कायमची विकता आहात, परत मिळणार नाही, हे कळले ना?' एवढा एक प्रश्न त्याच्या बोलीत विचारावा. माझ्या अनुभवाने सांगतो, निम्मे लोक त्या प्रश्नाशी दचकतील. आणि पंधरा वर्षांच्या मर्यादेचा फेरविचार व्हावा, कारण जो माणूस जमीन कसतो आहे आणि व्याज भरतो आहे त्याला आपण फसलो हे मोटर निघाल्यावरच कळते.

आमच्या धंद्याविषयीही एक. दस्तलेखक कच्च्या वह्या ठेवतात. कोणाचा दस्त, किती शुल्क, कोण साक्षीदार. माझ्या वह्यांत काही नोंदींपुढे समासात पेन्सिलीने लहानसा 'ग' काढलेला आहे. खरेदीखत लिहिले पण व्यवहार गहाणाचा आहे, अशी ती खूण. सावकाराचा माणूस पुन्हा आला तर संदर्भ लागावा म्हणून मीच सुरू केली होती. व्याख्यान ऐकून घरी आल्यावर मी ते 'ग' मोजायला बसलो आणि तिसऱ्या वहीपाशी थांबलो. या वह्या कोणत्याही चौकशीत पुरावा म्हणून कितपत चालतील ते वकील सांगतील. त्या माझ्याकडे ट्रंकेत, पणजोबांच्या मोडी दस्ताशेजारी आहेत. ज्या कोणा अधिकाऱ्याला त्या हव्या असतील त्याने लेखी मागणी करावी, मी स्वतः घेऊन येईन आणि प्रत्येक 'ग' पुढचे नाव वाचून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त दस्तलेखक
ता. बारामती, जि. पुणे